चार नंबरच्या खाटेचा अलार्म

तुम्ही खोटं बोलताय, साहेब, आणि तेही सहीशिक्क्यासकट. "अलार्मचा दोष दूर झाला आहे," असं तुमच्या अहवालात आहे. तो दूर झालेला नाही, हे मंगळवारी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत.

मी तुमच्या हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन. वॉर्डातल्या आठ खाटांच्या वायरी सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनला मीच जोडल्या. कुणाचं हृदय अडखळलं किंवा वायर सुटली की स्क्रीन कोकलते. सिस्टरने त्या खाटेच्या चौकोनावर बोट ठेवलं की दोन मिनिटं गप्प बसते, आणि पेशंट तसाच असेल तर परत कोकलते. हे परत कोकलणं स्क्रीन मध्येच विसरायला लागली. तिथल्या सिस्टरने, म्हणजे ताईने, तीनदा तक्रार लिहिली. कंपनीने नवं सॉफ्टवेअर टाकलं, तुम्ही फाईल मिटलीत. आठवड्याच्या आत चार नंबरवरचा गवंडी भरदुपारी गेला. ताई तेव्हा सात नंबरच्या म्हातारीची उलटी सावरत होती. स्क्रीनने परत हाक मारलीच नाही. घरी बसवलंत ताईला. ती माझी सख्खी मोठी बहीण, हेही सांगून टाकतो. तुमचा शोधायचा त्रास वाचेल.

मंगळवारी तीन आणि चार नंबर रिकामे करून परीक्षा घेतलीत. मी वायरी उपसल्या, दोन्ही अलार्म वाजले. कंपनीच्या इंजिनियरने तीनवर बोट ठेवलं, अंमळ थांबला, मग चारवर ठेवलं. दोन मिनिटांनी दोन्ही परत वाजले. तो लग्नातल्या फोटोसारखा हसला.

परीक्षेसाठी बोलावून घेतलेली ताई म्हणाली, "असं नाही रे. आम्ही असं करत नाही."

आठ पेशंट, दोन सिस्टर. दोन अलार्म एकदम वाजले की त्या दोन्ही हातांनी एकदम दाबतात आणि पळतात. तिने तसंच करून दाखवलं. दोन मिनिटांनी तीन नंबर बोंबलला. चार गप्प. आपण पाच मिनिटं उभे होतो, साहेब. चार गप्पच.

इंजिनियर म्हणाला, "सिस्टर, एका वेळी एकच दाबायचं. पुस्तिकेत लिहिलंय."

"पुस्तिकेला म्हणावं, एक दिवस ड्यूटी कर."

तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात की दुरुस्ती बरोबर आहे, वापर चुकीचा आहे. अहवालात तर ती पाच मिनिटंही नाहीत. आहे फक्त 'परिचारिकेचा हलगर्जीपणा'.

गुरुवारी ताईची चौकशी आहे. एकवीस वर्षांची नोकरी त्या एका शब्दावर जाणार. ती घरी जेवत नाही, नुसते हात बघत बसते. आणि आज सकाळी चार नंबरवर तुम्ही एका बसड्रायव्हरला आणून ठेवलंय. त्याची बायको मला विचारत होती, मशीन चांगलं आहे ना.

मी तिला काय सांगू? दोष गेलाय की आहे? हो किंवा नाही, गुरुवारच्या आत, तुमच्या सहीने लिहून द्या.