बातम्यांचा रतीब

रविवारी सकाळी सुमतीबाई स्वयंपाकघरात पापलेटं साफ करत होत्या आणि बाहेर नवऱ्याचं, गुरुदत्तांचं, सुरू झालं. "ऐकलंस का? पूल कोसळला. अकरा गेले!" पाच मिनिटांनी दरीत पडलेली बस. मग विषबाधा. सुमतीबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. निवृत्त झाल्यापासून या माणसाने गिरगावच्या त्या दोन खोल्यांत वाईट बातम्यांचा रतीबच लावला होता. दिवसभर मोबाईल, आणि वाचायचं तेही मोठ्यांदा!

एरवी त्यांनी काणाडोळा केलाही असता. पण लेक, जुई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. शुक्रवारीच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बीपी चढतंय. हिला शांत ठेवा." जुईने आपल्यापुरता इलाज शोधला होता. टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून गाड्या पळवायच्या. गाडी खड्ड्यात गेली की स्वतःच खो खो हसायची.

गुरुदत्तांना तेच खुपलं. त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

"आई व्हायची वेळ आली आणि हे पोरखेळ? जगात काय चाललंय बघ जरा! हे ऐक, प्रसूतीच्या टेबलावरच एक बाई..."

"बाबा, पुरे!" जुई किंचाळली. उठली आणि बॅगेत कपडे कोंबू लागली. "मी सासरी चालले. तिथे निदान सकाळ-संध्याकाळ कुणी मढी मोजत नाही."

पहिल्या बाळंतपणाला आलेली पोर माहेर सोडून निघाली! सुमतीबाई माशाच्या हातांनीच बाहेर आल्या.

"अहो, थोडी तरी लाज? वर्षभर वाचताय ना? त्यातल्या एकाला तरी मदत केलीत? रक्त दिलंत? कुणाला एक पत्र लिहिलंत?"

"सुजाण माणसाला माहिती नको?"

"माहिती एकदा वाचून होते! दिवसभर अंगठा घासणं हे व्यसन आहे. पोटच्या पोरीला भीती उगाळून पाजताय, आणि ती घटकाभर खेळली तर तुमच्या पोटात दुखतं? हसली ती, त्यात कुणाचं काय गेलं?"

गुरुदत्तांनी बोलायला तोंड उघडलं आणि जुईकडे बघितलं. ती पलंगाच्या कडेला पोट धरून बसली होती, ओठ पांढरे पडलेले.

"अरेरे! हे मी केलं?"

मोबाईल त्यांनी बायकोपुढे धरला. "माझे हात माशाचे आहेत, फडताळात ठेवा," त्या फणकारल्या. गुरुदत्तांनी मुकाट्याने ठेवला, टीव्ही लावला. "जुई, जाऊ नकोस गं. मला शिकव ना."

गेमचा रिमोट त्यांच्या हातात आदळत ती म्हणाली, "आधी ब्रेक कुठला ते शिक." पहिल्याच वळणावर बाबांची गाडी समुद्रात गेली आणि रागातसुद्धा तिला हसू फुटलं.

मंडळी, जगाचं दुःख जरूर जाणावं, जमेल तिथे धावून जावं. पण बसल्या जागी ते दिवसभर चघळणाऱ्याला जागरूक नागरिक म्हणू नका! त्यापेक्षा खुशाल खेळा. आणि कुणी विचारलंच, या वयात खेळ कसले, तर ठणकावून सांगा, घरात भीती पिकवण्यापेक्षा हे शंभरपट बरं!