पडद्याआडचा सर्वज्ञ

उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं सुया विसरून काउंटरभोवती गोळा झाली होती. लॅबच्या कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला होता, आतून भोंगा केकाटत होता. मधोमध हुकूम होता : यंत्रात व्हायरस शिरलाय, या नंबरवर ताबडतोब फोन करा. डॉक्टरांनी केला, तोही स्पीकरवर.

पलीकडचा आवाज मधाळ होता. म्हणे, तो कॉम्प्युटरच्या मुख्य कंपनीतला इंजिनिअर होता आणि त्याला बसल्या जागी सगळं दिसत होतं. त्यानं सांगितलेली बटणं दाबताच भोंगा थांबला. मग त्यानं एक शब्द टाइप करायला लावला.

"आता शेवटच्या ओळीत लांबलचक नंबर येईल. तुम्ही सांगू नका, मीच सांगतो. आठ, आठ, आठ, डी, सी, ए..."

अक्षर न् अक्षर जुळलं. "न बघता नाडी ओळखली हो यानं," रांगेतले एक आजोबा म्हणाले. पुढे फोनवरच्या या महाराजांनी यंत्रातली एक यादी उघडायला लावली. तिच्यात लाल फुल्याच फुल्या. प्रत्येक फुली म्हणजे एक व्हायरस! घाबरलेल्या डॉक्टरांनी त्यानं सांगितलेला प्रोग्राम टाकला, तसा पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप फिरू लागला. लोकांनी श्वास रोखले. आता व्हायरस काढायची फी भरायला फक्त बँकेचं पान उघडायचं होतं.

रक्त तपासणाऱ्या ताईंना डॉक्टरांची कीव आली आणि रागही. आजाऱ्याच्या रक्ताशेजारी निरोग्याचंही तपासायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. दोन्हीकडे तेच उत्तर आलं, तर ती तपासणी कुचकामी. त्या मागच्या खोलीत गेल्या. तिथल्या कॉम्प्युटरला इंटरनेट कधी जोडलंच नव्हतं. त्यांनी तोच शब्द टाइप केला. आठ, आठ, आठ, डी, सी, ए. लाल फुल्याही होत्याच.

बाहेर येऊन त्यांनी आधी इंटरनेटची वायर उपटली. बाण जागीच थिजला.

"कोण आहे तिथे? तासाभरात तुमची लॅब बंद पडेल," आवाजातला मध आटला.

"सगळं दिसतं ना तुम्हाला? मग वायर कुणी काढली तेवढं सांगा," ताई म्हणाल्या.

फोन कट झाला.

तो नंबर अशा लाखो कॉम्प्युटरांत एकसारखाच असतो, आणि त्या फुल्या म्हणजे किरकोळ अडचणींच्या रोजच्या नोंदी. लाल पडदा हे नुसतं वेब पान, भोंगा रेकॉर्ड केलेला. आणि बाण फिरवणारं भूत डॉक्टरांनी तो प्रोग्राम टाकून स्वतःच आत घेतलं होतं.

ते मान खाली घालून म्हणाले, "मी एवढा शिकलेला, तरी फसलो."

"शिकलेले होतात, पण घाबरला होतात," ताई म्हणाल्या. त्यांनी डॉक्टरांना पासबुकावरच्या नंबरवरून बँकेला कळवायला लावलं, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलायला लावले. तो प्रोग्राम ओळखीच्या मेकॅनिककडून काढून घेतला आणि पोलिसांत तक्रारही दिली.

कुठलीही खरी कंपनी पडद्यावर भोंगा वाजवून फोन करायला सांगत नाही. असा पडदा दिसला, तर कॉम्प्युटर बंद करा, त्या नंबरवर फोन करू नका, अनोळखी माणसाला यंत्रात शिरू देऊ नका. आणि कुणी तुम्हाला घाई करायला लागला, की तेवढ्यासाठी तरी थांबा.