शनिवारचा अंगठा

या देशात एकही मूल शिक्षणावाचून राहणार नाही. रोह्याजवळच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. वाक्याखाली चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प आहे. रॅम्प संपतो तिथून वर्गापर्यंत तीन पायऱ्या आहेत.

त्या तीन पायऱ्यांमुळे तामार घरी शिकत होती. वय अकरा. मान धरत नाही, हातपाय आपल्या मर्जीने चालतात, बोलता येत नाही. कागदावर तिचं नाव ‘गृहाधारित शिक्षण’ या रकान्यात होतं; म्हणजे आठवड्यातून एकदा शाळाच तिच्याकडे येणार. शाळा म्हणजे सुरभी मॅडम, विशेष शिक्षिका. मॅडम पेणच्या. रोह्याला विशेष शिक्षक नसल्याने तिथला अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता. सोमवार ते शुक्रवार पेण, शनिवारी रोहा. शनिवारी अकराला त्यांची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबायची.

गल्लीत सात घरं, सातही बेने इस्रायली ज्यूंची. सहांना कुलूप आणि सहांच्याही किल्ल्या तामारच्या वडिलांकडे, निसीमकडे. माणसं इस्रायलला गेली होती. सगळ्यात शेवटी निसीमचा भाऊ एझ्रा. तामारची आई दीनाही गेली, पण ती इस्रायलला नव्हे. या गल्लीत तेवढं स्पष्ट करावं लागतं. निसीम धाटावला कंपनीत होता. तो शिफ्टला गेला की मागच्या आळीतली धोंडुबाई तामारजवळ येऊन बसायची.

सुरभी मॅडमनी तीन महिन्यांत तामारला एक शब्द शिकवला. डोळे वर केले की ‘हो’. पाणी हवं? डोळे वर. पंखा लावू? डोळे वर. अकरा वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे बरेच ‘हो’ साठून राहिले होते. शनिवारी साडेदहापासूनच ती दाराकडे बघत असायची. ‘नाही’ पुढच्या टप्प्यात घ्यायचं होतं.

अडचण फक्त वहीची होती. भेट झाली की पालकाने वहीत सही करायची, आणि निसीम शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी, लिहीत नसे. शनिवारचं बाकी बरंचसं पाळणं सुटलं होतं. कंपनीत माणसं कमी पडली की तो शनिवारीही बस पकडायचा. पण त्याचे वडील शुक्रवारी दिवेलागणीला घरातली पेनं-पेन्सिली पत्र्याच्या डब्यात बंद करायचे. वडील गेले, डबा चालू राहिला.

“वही ठेवून जा मॅडम. उद्या करतो सही.”

“वही सोमवारी पेणला लागते मला. कंपनीत शनिवारी काय करता?”

“तिथं अंगठ्याचं मशीन हाय.”

मॅडमनी पर्समधून शाईचं पॅड काढलं.

धोंडुबाई दारातून बघत होती. “बीकॉम झालेला मानूस अंगठा देतंय. माजं बरं, मी पयल्यापास्नंच देते.”

यथावकाश वही कार्यालयात दोन टेबलांवर गेली. पहिल्या टेबलाने सह्या मोजल्या. एकही नव्हती. सबब एकही भेट झालेली नाही, सबब लाभार्थी नाही, सबब अतिरिक्त कार्यभार काढून घेण्यात येत आहे. दुसऱ्या टेबलाने अंगठे मोजले. ते टेबल खिडकीजवळ होतं, आणि एका टेबलाचं दुसऱ्याला कळवायची पद्धत नव्हती.

निसीम रजा टाकून पहिल्या टेबलापुढे उभा राहिला.

“तुमच्याकडे भेटी झाल्याच नाहीत,” कारकून म्हणाला.

“झाल्या की. मुलगी ‘हो’ म्हणायला शिकली.”

“मग तिची सही घ्यायची होती.”

“मी तिला पेणला नेली तर?”

“पेणला पेणची मुलं. अर्ज द्या, जूनमध्ये बघू.”

निसीमने तिथेच बसून अर्ज लिहिला. मंगळवार होता. कारकुनाने अक्षराचं कौतुक केलं.

पुढचे चार शनिवार तामार दाराकडे बघत राहिली. “मॅडमची वाट बघतेस?” निसीम विचारायचा. डोळे वर. आणखी काय विचारायचं ते त्याला सुचत नसे.

पाचव्या शनिवारी अकराला दारात एक सायकल थांबली. हैबतराव गुरुजी, पलीकडच्या गावचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त. काखेत चित्रांचे तक्ते, हातात पाटी आणि दुसऱ्या टेबलाने अंगठ्यांवरून केलेली साक्षरता वर्गाची यादी.

“निसीम तुम्हीच ना? निरक्षर?”

निसीम सांगणारच होता. तेवढ्यात गुरुजींनी आंब्याचा तक्ता भिंतीला टेकवला आणि तामारचे डोळे वर गेले.

“व्हय,” निसीम म्हणाला. “मीच.”

“नाव लिहा बघू.”

“आज नको.”

“हरकत नाही. पहिल्यांदा लाज वाटते.”

पुढच्या शनिवारपासून निसीमने तामारची खुर्ची आपल्या पुढे ओढली. गुरुजी शिकवायचे त्याला, शिकायची ती. “आंबा?” डोळे वर. “मुलगी हुशार आहे,” गुरुजी म्हणाले. “बापावर नाही गेली.”

डिसेंबरातल्या एका शनिवारी गुरुजी ससा दाखवून चुकून कासव म्हणाले. तामारने डोळे गच्च मिटले. गुरुजी पुन्हा कासव म्हणाले. तिने पुन्हा मिटले. ‘नाही’ तिला आपलं आपणच सापडलं होतं. निसीम पाणी आणायला म्हणून आत गेला. तांब्या घेऊन बाहेर आला तोवर गुरुजींची पाच चित्रं दाखवून झाली होती.

“किती दिस अडानी ऱ्हाशील रं?” धोंडुबाईने एकदा विचारलं.

“जमेल तितके.”

मार्चमध्ये परीक्षा लागली. “पास झालात की आपला वर्ग बंद,” गुरुजी म्हणाले. “नापास झालात तर मला पुढलं वर्षभर यावं लागेल. तशी वेळ आणू नका.” मग सायकलचं स्टँड काढता काढता म्हणाले, “मला तसं घरी काही काम नसतं म्हणा.”

परीक्षा रविवारी होती. रविवारी निसीमला लिहायला कसलीच आडकाठी नव्हती. शाळेच्या तीन पायऱ्या चढून तो वर्गात बसला. शेजारच्या बाकावर सत्तरीची सीताबाई जिभेचं टोक बाहेर काढून एकेक अक्षर कोरत होती. निसीमने तीन तासांत पेनचं टोपणही उघडलं नाही. नावसुद्धा पर्यवेक्षकांनीच घातलं.

कोरा पेपर देऊन तो घरी आला आणि तामारसमोर बसला.

“गुरुजी येत राहतील ना?”

डोळे वर.

एप्रिलमध्ये निकाल लागला. तालुक्यात नापास कुणीच नव्हतं. निसीमला दीडशेपैकी एकशे अकरा गुण मिळाले.