आण्णांचा साग

मुरगूडजवळच्या चिमणाबाईंच्या भावकीत राख नदीत सोडत नाहीत. बांधावर खड्डा काढायचा, राख त्यात टाकायची आणि वर झाड लावायचं. म्हणजे माणूस गेला तरी शेतातून हलत नाही. चिमणाबाईंचे मालक आण्णा जिवंतपणीही फारसे हलत नव्हते, पण ते असो. त्यांचा घरासमोरच्या बांधावर साग झाला. थोरले दीर अप्पा आधीच गेलेले. त्यांचा सिल्व्हर ओक. तो थोरल्या जावेनं, आक्कानं, ऐटीत नर्सरीतून आणला होता.

यंदा पावसानं भाद्रपदातच पाठ फिरवली. विहिरीनं तळ दाखवला. सागानं दिवाळीलाच सगळी पानं टाकली आणि नागडा होऊन उभा राहिला. चिमणाबाई पिण्याच्या पाण्यातली एक घागर रोज त्याला घालायच्या. सिल्व्हर ओक मात्र चैत्र आला तरी पान सोडेना.

"तुझा दादला पैल्यापास्नं असलाच की गं!" आक्का बांधावरून ओरडायची. "ऊन बघितलं की टाकलं अंग. आमचं बघ, कसं हुबं हाय!"

चिमणाबाईंना झोंबायचं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. उसातलं तण काढायची भांगलण निघाली की आण्णांची कंबर हमखास धरायची.

एका सकाळी लेक विजयसिंह करवतीचं मशीन घेऊनच आला.

"आये, आयतवारी सोयरिकीचं पावणं येणार. दारात मढं कशाला? पाडतो."

मढं! घागर खाली ठेवून चिमणाबाई बुंध्याला पाठ लावून बसल्याच.

"तुझ्या बाला एकदा जाळलाय. परत न्हाय जाळू द्यायची मी."

त्यांनी नखानं साल खरवडली. आत ओलं, हिरवं.

"बघ, मुडद्या! जित्तं हाईत. पडून ऱ्हायल्यात नुस्तं."

आक्का फिदीफिदी हसली. "आमची साल काढ रं इजयसिंगा. जित्तं कशाला म्हणत्यात ते कळू दे हिला."

विजयसिंहानं काढली. आत तपकिरी, कोरडं ठाक. त्यानं खालची फांदी वाकवली तर पानं हातात चुरली. लांबून हिरवी वाटणारी ती पानं कधीच वाळली होती.

आक्का मटकन खाली बसली.

चिमणाबाईंच्या जिभेवर सहा महिन्यांचं उत्तर तयार होतं. पण त्यांना अप्पा आठवले. उन्हातान्हात घोटभर पाण्यालाही न थांबणारा माणूस. पन्नाशीतच सरीत कोसळला. आण्णा पंचाहत्तरीपर्यंत लोळले.

"बुडातनं फुटंल काय गं?" आक्कानं विचारलं.

फुटणार नव्हतं. ते चिमणाबाईंना दिसत होतं. त्यांनी घागर उचलली आणि अप्पांच्या बुडात सगळी ओतली.

"अप्पास्नी कुणी कवा थांबा म्हणलंच न्हाय, आक्का."

आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि सागाकडं बघितलं. "आन् आण्णास्नी पाणी?"

"त्यास्नी नका उठवू," चिमणाबाई म्हणाल्या. "पाऊस आला की उठत्यात आपलं आपण. जेवाय मागत."