भरीव चमचा

चमचा ओठांपाशी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं सूप टेबलावर सांडलं होतं. उरलेलं बाबांच्या हनुवटीवरून शर्टाच्या खिशात उतरलं. बाबांनी चमचा खाली ठेवला, खिशात डोकावून पाहिलं आणि म्हणाले,

"खिशाचं पोट भरलं. आता माझं बघा."

आई हसली नाही. लेकही हसली नाही. हा तिने केलेला तिसरा चमचा होता. पहिला ॲल्युमिनियमचा, आतून पोकळ. दुसरा कार्बनच्या तंतूंचा, तो तर वाऱ्यानेही उडाला असता. आणि हा नायलॉनचा, यंत्रावर थरावर थर चढवून छापलेला. बाबांची मूठ ओल्या मातीत दाबून घेऊन तिने त्याच्या दांड्याला नेमका आकार दिला होता आणि वजन वाचावं म्हणून आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या ठेवल्या होत्या.

"हातात कसा वाटला?" तिने विचारलं.

"हलकाय. फारच हलकाय. हातात काही आहे असं वाटतच नाही."

एवढ्यानेही लेकीचा चेहरा जरा खुलला. तिच्या ऑफिसात याहून मोठी शाबासकी नव्हती. विमानातल्या खुर्च्यांचे सांधे कशाचे करायचे आणि कसे करायचे, ओतायचे की घडवायचे की सबंध ठोकळ्यातून कोरून काढायचे, हे ठरवण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. तिथे ग्रॅमाग्रॅमाला किंमत. मॅडमच्या हाती स्वतःचा डबा लागला तर त्यालाही भोकं पाडतील, असं तिचे सहकारी तिच्या तोंडावर म्हणत.

आईने वाडगा उचलला, बाबांच्या दंडाला धरलं आणि ती त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लागलं.

आत आई त्यांना भरवत होती. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पट्टी न लावता, खडूची रेघ न मारता, शिडीवर उभं राहून एका दमात अक्षर ओढणारा माणूस. हात थरथरायला लागला तशी त्यांनी आधी शिडी सोडली, मग ब्रश सोडला आणि शेवटी जेवणाचं टेबल. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण चमचा तोंडापर्यंत नेण्याइतका नाही. भरवून घेताना आपल्याला कुणी पाहायचं नाही, पोटच्या लेकीनेसुद्धा नाही, एवढीच त्यांची अट होती.

पुष्कळ वेळाने आई बाहेर आली, ओट्याशी उभी राहिली आणि गार झालेलं सूप पातेल्यातूनच खाऊ लागली.

"गरम तरी करून घे गं."

"नको. हल्ली मला गरम सोसत नाही."

उकळता चहा कपाला ओठ लावून एका दमात संपवणारी बाई ही! लेकीला तिचा रागच आला, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी आलं. दाराआड बाबा खोकले. त्यांचं ऐकणं मात्र चांगलंच शाबूत होतं.

लेकीला एवढंच हवं होतं, की ही दोघं पूर्वीसारखी शेजारी बसून, एकमेकांच्या ताटात नाक खुपसत जेवावीत. त्यासाठी चौथा चमचा तिने मनात आखायलाही घेतला होता, आणखी पातळ दांड्याचा, आणखी हलका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी प्यायला उठली तर बाबा बाहेरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नव्हतं. आईने आणलेली नवी, सुटसुटीत इस्त्री खोक्यातच पडून होती. त्यांच्या हातात जुनी होती, लोखंडी, उचलताना खांद्याला रग लागेल अशी.

ती दारातच थांबली. बाबांनी बाही सरळ केली. बोटं थरथरत होती, कापड थरथरत होतं. मग त्यांनी इस्त्री उचलली, बाहीच्या वर अधांतरी धरली, नेम घेतल्यासारखी थांबवली आणि बरोबर शिवणीवर टेकवली. हात हलला नाही.

"बाबा, पुन्हा उचला."

"का? जळली का बाही?"

"उचला ना. आणि धरून ठेवा."

त्यांनी उचलली. दंडाची शीर ताठ झाली, पण इस्त्री हवेत जागच्या जागी राहिली. लेकीने पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतली, तोलून पाहिली, परत त्यांच्या हातात दिली. काल रात्रीचं त्यांचं बोलणं तिला आठवलं आणि तिने कपाळावर हात मारला. हातात काही आहे असं वाटतच नाही, ही तक्रार होती. तिने ती शाबासकी म्हणून खिशात घातली होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. तुमची लेक मूर्ख आहे."

"ते मला माहीत आहे. शर्टाचं काय झालं ते सांग."

ऑफिसातल्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या दादांपुढे तिने त्या दुपारी पितळेचा गज ठेवला. शिसं याहून जड, पण तोंडात जाणाऱ्या वस्तूला ते लावायचं नाही. टंगस्टन त्याहूनही जड, पण ते कापताना हत्यारांनी हात टेकले असते. एकच नग करायचा, म्हणून साचा करून ओतण्यात अर्थ नव्हता. पितळ चांगलं वजनदार आणि लेथवर गुणी मुलासारखं वागणारं. आंबट पदार्थात त्याची चव उतरते, म्हणून पुढची वाटी मात्र स्टीलचीच, पातळ. दांड्यात ती घट्ट बसवून आडवी पिन मारायची. सगळा भार तळहातात राहिला पाहिजे, ओठांकडे नको.

दादांनी सवयीने ड्रिल उचललं. "पोकळ करायचा ना?"

"नाही. भरीव."

दादांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

"वजन हवंय, दादा. जेवढं राहील तेवढं राहू द्या."

"माझ्या जन्मी हे ऐकेन असं वाटलं नव्हतं," असं म्हणून त्यांनी ड्रिल जागेवर ठेवून दिलं आणि गज लेथला लावला. दांडा इतका छान उतरला की त्यांनी तो उगाचच दोनदा पुसला.

संध्याकाळी लेकीने टेबलाला तीन खुर्च्या लावल्या. बाबा बाहेर यायला तयार नव्हते. शेवटी, एकदाच, फक्त तुझ्या समाधानासाठी, असं म्हणत आले आणि दाराच्या सगळ्यांत जवळची खुर्ची धरून बसले. आईने नेहमीप्रमाणे रुमाल काढला.

लेकीने चमचा त्यांच्या हातात दिला.

"अगं, हा केवढा जड!" आईच मध्ये बोलली. "त्यांना उचलेल का?"

बाबांनी मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. पाटी रंगवण्याआधी ब्रश असाच चाचपायचे. मग चमचा वाडग्यात बुडवला आणि वर काढला. तो काठोकाठ भरला होता. लेकीला नको म्हणावंसं वाटलं, पहिल्यांदा निम्माच घ्या म्हणून सांगावंसं वाटलं.

चमचा वाडग्याच्या वर आला आणि थांबला. किंचित हलला, पण सांडला नाही. लेकीने तो बाबांच्या तोंडाकडे जाताना पाहायला मान वळवली.

तो तिकडे गेलाच नाही. बाबांनी हात लांब केला, टेबलाच्या कोपऱ्यावरून पलीकडे नेला आणि आईच्या ओठांसमोर धरला.

"अहो, काय हे! लेक बसलीये समोर."

"बसू दे. वाफ येतेय बघ," बाबा म्हणाले. "तुला हल्ली गरम सोसत नाही ना?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. रुमाल तिच्या मुठीत चुरगळला होता. तिला उत्तर द्यायला बराच वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ चमचा हवेत, काठोकाठ भरलेला, तिची वाट पाहत उभा राहिला.

"सोसतं," ती म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.