आरवाटाचा तिसरा नियम

"नलू, तूच सांग यांना. तिसरा नियम सांग!"

नरहरीकाकांनी भर ओटीवर, मोठ्या माणसांत मला अशी हाक मारली आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी कुंपणापाशी उभी राहून चिंचा खात होते. ओटीवर भटजी होते, काकांचे थोरले भाऊ महादूआप्पा होते, माझे बाबा होते आणि आत उंबऱ्यालगत उशीला टेकून मंजुळाकाकी बसली होती. एरवी मी पळूनच गेले असते. पण नुकताच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. तेव्हापासून चार माणसं एकत्र दिसली की मला आपोआप घसा साफ करावासा वाटे. मी चिंच गिळली, हात परकराला पुसले आणि पायऱ्या चढले.

"कसला नियम?" भटजींनी विचारलं.

"आरवाटाचा."

"हे आरवाट कुठं आलं? डहाणूच्या पलीकडे?"

"कुठंच नाही. आम्ही केलंय ते. काकांनी आणि मी."

महादूआप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! इथं पोराचं क्रियाकर्म ठरवतोय आनि हा म्हातारा पोरीसंगं भातुकली खेळतोय."

भातुकली नव्हतीच ती! काका आमचे शेजारी. ते सोनारांसाठी ठसे कोरायचे. पोलादाच्या ठोकळ्यात बारीक छिन्नीनं नक्षी खोल कोरायची, तीही उलटी. मग सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकणार, पत्रा त्या खळग्यात उतरणार आणि पान-फूल होऊन बाहेर येणार. मला गोवर आला तेव्हा आईनं मला खेळायला जाऊ दिलं नाही, म्हणून बरी होईपर्यंत मी काकांच्या ओटीवर बसून बडबडत राहिले, आणि बडबडता बडबडता आरवाट देश तयार झाला. मला त्यात राक्षस हवे होते, उडत्या होड्या हव्या होत्या. काका छिन्नीवरून नजर न काढता म्हणायचे, "व्हईल सगळं. पन आदी शास्तर पायजे. जादू काय उगाच होते?"

मग आम्ही शास्त्र केलं. पहिला नियम असा, की जादूनं वस्तू बनत नाही, वस्तूची जागा बनते. आरवाटातला जादूगार नुसती पोकळी कोरतो. ती नेमकी असली की जगात जिथं कुठं ती वस्तू असेल तिथून ती निघते आणि पोकळीत येऊन बसते. दुसरा नियम, पोकळी उलटी कोरावी लागते. पाऊस हवा असेल तर तहान कोरायची. तिथल्या पंडितांमध्ये दोन तट होते, पोकळे आणि भरीवे. पोकळे म्हणत, पोकळी वस्तूला ओढते. भरीवे म्हणत, छे, वस्तूच आपली जागा शोधत हिंडत असते, पोकळीनं फक्त थांबून राहायचं. एका भरीव्या पंडितानं स्वतःसाठी बायको कोरली, मापात जरा ढिलाई केली, तर सासू येऊन बसली! हे मी सांगितलं तेव्हा काका इतके हसले की छिन्नी घसरली आणि एक आख्खं मोराचं पीस फुकट गेलं.

तिसरा नियम मात्र एकट्या काकांचा. पोकळीत चुकीची वस्तू घातली की पोकळी मिटते, आणि मग खरी वस्तू दारापर्यंत आली तरी तिला जागा राहत नाही.

हा नियम काकांनी का केला, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा एकुलता एक मुलगा कमलाकांत त्यांच्याच हाताखाली शिकत होता. सतरा वर्षांचा. त्यानं कुड्यांच्या जोडीचे दोन ठसे कोरले. एक कोयरी डावीकडे वळायला हवी होती, एक उजवीकडे. त्यानं दोन्ही एकाच बाजूला वळवल्या. दोन्ही कुड्या एकाच कानाच्या! गिऱ्हाईक समोर होतं. काका ओरडले, "ज्याला डावंउजवं कळत नाय त्यानं माज्या शेजारी पाटावर बसू नये." जेवणाची वेळ होती. काकीनं वाढून ठेवलं होतं. तो उठला, बोईसर स्टेशनच्या वाटेनं गेला, तो गेलाच. त्या दिवसापासून जेवताना काकांच्या शेजारी रोज रिकामा पाट मांडला जायचा. मी लहानपणापासून तो बघत आले होते, पण मला वाटायचं, त्यांच्याकडे तशीच रीत असेल.

पुढे इकडे वीजकेंद्राचं काम निघालं आणि देशभरातून माणसं यायला लागली. काका बाजारच्या दिवशी बोईसरला जायचे आणि स्टेशनबाहेर उभे राहून उतरणाऱ्यांची तोंडं न्याहाळायचे. एकदा मीही बरोबर होते. डोक्यावर ट्रंक घेतलेला एक मजूर थांबला.

"किसको ढूँढता है, चाचा?"

"अपने लडके को."

"कितना बडा है?"

काकांनी आडवा पंजा आपल्या कानाच्या उंचीला हवेत धरला. "इतना."

"मिल जायेगा," मजूर म्हणाला आणि गेला. चांगला माणूस होता. मिशीवाला, तिशीचा. काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तर आता कमलाकांतदादाला जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि काकीच्या छातीचं दुखणं इतकं वाढलं होतं की पालघरच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. काकीनंच भटजींना बोलावलं होतं. बारा वर्षं ज्याची वार्ता नाही त्याचा पळसाच्या पानांचा देह करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, असं असतं म्हणे.

"मी जायच्या आदी माजं पोर वाटेला लागू द्या," काकी म्हणत होती. "मदीच लटकलाय तो. उपाशी हाय."

आणि काका म्हणत होते, नाय. पानांचं पोर जाळलं की खरं पोर परत येणार नाय.

म्हणून मी बोलले. काय बोलले मी! स्पर्धेतही इतकी चांगली बोलले नव्हते. पोकळी म्हणजे काय, ती का जपायची, पोकळे काय म्हणतात, भरीवे काय म्हणतात, आणि या एका नियमावर दोन्ही तटांचं कसं एकमत आहे, सगळं सांगितलं. हातवारे केले. "भटजी, पानांचा देह ही चुकीची वस्तू आहे," मी म्हणाले. "तुम्ही एका माणसाची जागा पाचोळ्यानं बुजवताय!"

भटजी माझ्याकडे बघतच राहिले. काकांचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, जिंकलो आम्ही.

तेवढ्यात आतून काकीचा आवाज आला. धाप लागत होती तिला, म्हणून हळू.

"नले, तुज्या त्या देशात पोकळी वाढते का गं?"

"म्हणजे?"

"पोर वाढतं. मग त्याची जागा पन वाढते का?"

मी तोंड उघडलं. पोकळ्यांचं काही आठवेना, भरीव्यांचंही नाही. असा नियमच नव्हता. मी काकांकडे बघितलं, कारण शास्त्र त्यांचं होतं.

काकांनी हात उचलून कानाच्या उंचीला हवेत धरला होता. त्या पंजाखाली कोणीतरी उभं असावं तसे ते तिथं बघत होते. मग हात खाली आला.

"एकोणतीसचा झाला असंल, नाय?" ते म्हणाले.

"मिशा आल्या असतील," काकी म्हणाली.

"बाजूनं गेला असंल माज्या, मी वळखला नसंल." काका मग भटजींकडे वळले. "कदी करायचं, सांगा."

मला फार राग आला. एवढं बोलून मी हरले कशी, तेच कळेना!

पळसाची पानं महादूआप्पांनी आणली. अंगणात भटजी सांगत होते तशी काका एकेक पान दर्भानं बांधत होते. ज्या हातांनी जन्मभर खळगे कोरले, त्यांनी भरीव काही केलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पायांपाशी आल्यावर काका थांबले.

"किती लांब करू?"

भटजींनी पोथीत बघितलं. "पानं किती ते दिलंय. उंचीचं काही नाही दिलेलं."

काकांनी हातातला दर्भ खाली ठेवला. मग त्या देहाशेजारी जमिनीवर आडवे झाले आणि आप्पांना म्हणाले, "माज्या टाचेपाशी रेघ मार. पोर वाढून बापाएवडं होतंच."

आई मला ओढत घरी घेऊन गेली. पुरुष किनाऱ्यावर गेले. सुरूच्या बनावर धूर दिसला, पण पानंच ती, लवकर संपली.

सुतक फिटलं त्या दिवशी दुपारी मी धावत काकांकडे गेले. मला सुचलं होतं! "काका, चौथा नियम! पोकळी वाढते. ज्याची असेल त्याच्याबरोबर वाढते, त्याला मिशा येतात तेव्हा तिलाही येतात! हे आधीच असायला हवं होतं, आपण विसरलो होतो. म्हणजे आपल्या आरवाटात..."

काका हात धुऊन जेवायला बसत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मधे एकदा मानही हलवली.

"चांगला हाय," ते म्हणाले. "तुज्या आरवाटात चालंल."

काकी चुलीजवळ भिंतीला टेकून वाढत होती. काकांच्या शेजारी तो दुसरा पाट मांडलेला होता. सवयीनंच मांडला असणार. काकीनं त्याच्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

काकांनी पाटावर हात फिरवून नसलेली धूळ झटकली.

"उबी का? बस."

मी जागची हलले नाही. तिसरा नियम मला पाठ होता. आणि तो त्यांनीच केला होता.

"बस, बाय," काका म्हणाले. "भात निवतोय."

मी बसले. काकीनं ताटात भात वाढला.