मिठाची वाटी

सून ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवायला लागली आणि सरस्वतीबाईंचं डोकं फिरलं.

"भाकर वाढते, भाजी वाढते, अन् वाटी अशी टक्कन ठेवते," त्या नूरजहांला सांगत होत्या. "तोंडानं हूं नाही का चूं नाही. जसं काही म्हणते, घ्या, खा किती खायचं तं! हार्टवाल्या माणसापुढं मीठ ठेवते कोणी? माहेराहून आली तवापासून हेच चालू हाये."

नूरजहां शेजारची. दोघींच्या ओट्यांमध्ये एक लिंबाचं झाड आणि दोघी सुलतानपुरात नांदायला आल्या तेव्हापासूनची भांडणं. ती सुपातली तूर निवडत होती. "बिचारीचा बाप पडून हाये," ती म्हणाली. "तिच्या जिवाचं काय होत असंल!"

"बाप तिचा पडला, त्यात माह्यं काय?"

सरस्वतीबाई बोलून गेल्या. नूरजहांनं सुपातून मान वर केली नाही. सरस्वतीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि घरात गेल्या.

त्यात आपलं काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

छातीत पाणी भरतं म्हणून बुलढाण्याच्या डॉक्टरनं त्यांना गोळ्या लावून दिल्या होत्या. त्यात एक बारकी पांढरी गोळी होती, लघवीची. सकाळी घेतली की दुपार कलेपर्यंत बूड टेकू देत नसे. घरी असलं तर चालून जायचं. पण पहिल्याच तपासणीला त्या ती गोळी घेऊन एस.टी.त बसल्या, आणि चिखली यायच्या आत लुगडं ओलं झालं. कोणाला कळलं नाही. पदर मागून-पुढून आवळून त्या दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या, आणि आत बोलावलं तेव्हा भिंतीला पाठ घासत गेल्या. ज्या बाईपुढं भावकीतले बाप्येसुद्धा आवाज खाली ठेवून बोलत, त्या बाईची ही गत. त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं, एस.टी.च्या दिवशी ती गोळी घ्यायची नाही.

मग वेचणीच्या दिवशीही बंद झाली. बीटी आल्यापासून कापूस सगळ्यांच्या शेतात एकदमच फुटतो आणि वेचणाऱ्या बायांसाठी गावात ओढाताण होते. त्यातून त्या साली बोंडांत गुलाबी अळी निघालेली, आज वेचलं नाही तर उद्या सडकं हाती येणार. सरस्वतीबाई सकाळपासून शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभ्या. कोणी बाई जरा आडोशाला निघाली की त्यांचं तोंड सुटे, "काऊन वं, तुह्या घागरीले भोक पडलं का?" असं बायांना बोलल्यावर आपण स्वतः कोणत्या तोंडानं आडोशाला जायचं?

डॉक्टर दरवेळी विचारायचा, "गोळ्या रोज घेता ना, मावशी?"

"रोज म्हणजे रोज," त्या सांगायच्या. त्यांच्या हिशेबी ते खोटं नव्हतं. घरी असलेल्या दिवसालाच त्या रोज म्हणत. डॉक्टर पायावर अंगठा दाबायचा, खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. बुलढाण्याला जायचा दिवस म्हणजे गोळी चुकवायचा दिवस. त्यामुळे पहिली खेप सोडली तर डॉक्टरनं त्यांचे पाय कधी सुजेवाचून पाहिलेच नव्हते.

दिवाळीनंतरच्या तपासणीला त्याच्या कपाळाला आठी पडली. "गोळी चालू आहे, तरी सूज आहे. म्हणजे मीठ जातंय पोटात. घरी स्वयंपाक कोण करतं?"

जीवननं, त्यांच्या मुलानं, बायकोकडे पाहिलं. प्राची भिंतीशी उभी होती. सासूची भाजी ती लहान गंजात वेगळी करायची, बिनमिठाची, एक दिवस चुकवला नव्हता तिनं. त्या अळणी भाजीची चव सरस्वतीबाईंच्या जिभेला चांगली ठाऊक होती. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द बाहेर काढला की त्याच्यामागून गोळी निघाली असती, आणि गोळीमागून लुगडं. सरस्वतीबाई भिंतीवरच्या काळजाच्या चित्राकडे पाहत राहिल्या.

आदल्याच दिवशी देऊळगावाकडून प्राचीच्या माहेरचा फोन आला होता. तिच्या वडिलांना, रंगरावांना, लकवा मारून गेला होता. बोलता येत होतं, आणि प्राचीले बोलवा, एवढंच बोलत होते. ती तपासणीच्या दुसऱ्या दिवशी निघणार होती. बुलढाण्याच्या स्टँडावर जीवन तिला म्हणाला, "आधी मायच्या पायाची सूज उतरू दे. घरातलं माणूस सांभाळता येत नाही अन् चालली माहेरी."

प्राचीनं सासूकडे पाहिलं. एकदाच. सरस्वतीबाई पिशवीत तिकिटाचे पैसे शोधत होत्या.

घरी गोळी पोटात गेली, सूज उतरली, प्राची गेली. तोवर रंगरावांना दुसरा झटका येऊन गेला होता. जीव होता. लेकीकडे टकटक पाहत होते, ओठ हलत होते, पण शब्द होत नव्हता. काय सांगायचं होतं ते तिला कळलं नाही, आणि आता कळणारही नव्हतं.

परत आली, आणि त्या दिवसापासून ती वाटी.

नूरजहांशी बोलणं झालं त्या सांजेला सरस्वतीबाईंनी वाटी ताटाबाहेर सरकवली. "उचल हे. सासूले मारायचं हाये का तुले?"

"मीठ मी टाकते म्हणतेत न सारे," प्राची चुलीकडे तोंड ठेवून बोलली. "मंग तुमच्याच हातानं घ्या, आत्याबाई. माह्या हाताचं नाव तरी नको."

"मी कधी म्हणलं तसं?"

"तुम्ही नाही म्हणलं. तुम्ही चूप होत्या." तिनं तव्यावरची भाकर उलटवली. "न्हाणीतलं पाणी मी भरते, आत्याबाई. गोळी घेतली त्या दिवशी टाकं सकाळीच खाली होते. दवाखान्याच्या दिवशी पाण्याले हात लागत नाही."

सरस्वतीबाईंनी घास ताटात परत ठेवला. "माहीत होतं तं बोलली काऊन नाही?"

"तुम्ही नाही म्हणल्या असत्या. चोर तं मी ठरलीच होती, वरून खोटी बी ठरली असती."

सरस्वतीबाईंनी नाहीच म्हटलं असतं, यात शंकाच नव्हती.

पुढच्या तपासणीच्या सकाळी त्यांनी प्राचीला समोर उभं केलं, ती पांढरी गोळी जिभेवर ठेवली आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या. प्राचीनं खुंटीवरची शाल काढून पिशवीत घातली.

मेहकर मागं पडलं, आणि एस.टी.त मुला-सुनेच्या मधे बसलेल्या सरस्वतीबाई दांडा धरून उभ्या राहिल्या. "ओ कंडक्टर, गाडी थांबव."

"बसा मावशी, पुढं स्टँड येतेच."

"स्टँड येते, पण मले दम निघत नाही. थांबव म्हणते न!"

मागच्या बाकांवर कोणीतरी खिदळलं. जीवनचे कान लाल झाले. "माय, काय हे? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. त्याईच्या माया काय आभाळातून पडल्या?"

गाडी थांबली. सडकेच्या कडेला कापसाची वाळलेली पऱ्हाटी उभी होती, किडकी बोंडं तशीच चिकटलेली. दोन बाभळींच्या आड प्राचीनं शाल धरली, दोन्ही हात ताणून, तोंड दुसरीकडे करून. शाल जराही खाली आली नाही. जीवन गाडीच्या दाराशी उभा होता, हाकेच्या अंतरावर. कंडक्टरनं एकदा घंटी वाजवली.

शालीआडून सरस्वतीबाई बोलल्या, धुऱ्यावरून बोलायच्या त्याच आवाजात.

"प्राची, ऐक. अन् जीवन्या, तू बी ऐक, तिकडं तोंड फिरवू नको! हिनं मीठ कधी टाकलं नाही. गोळी मीच चुकवत होती. डॉक्टरले खोटं मी सांगतलं, आज खरं बी मीच सांगन. पोरी, तुह्या बापाचं बोलणं माह्या पायी गेलं. थे आता मले कुठून आणून देता येत नाही, अन् माफ कर म्हणायले माह्याजवळ तोंड नाही. पण तू माहीत असून चूप राह्यली, थे तुह्यं चुकलं. सासूची अब्रू बापापेक्षा मोठी नसते वं! तुह्या पदरात एवढीच चूक. बाकी सारं माह्या."